मेघगर्जना, माळवद आणि झोप : धाराशिव जिल्ह्यातील एका सवयीचा इतिहास

रात्री मेघ गडगडत असता माणसास झोप लागते काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी शरीरशास्त्राचा वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस याने निद्रिस्तांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख घेतले, तेव्हा बाहेरच्या आवाजास झोपलेला मेंदूही प्रतिसाद देतो असे आढळले. १९६० मध्ये आयन ऑस्वल्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, झोपेत इतर नावांपेक्षा स्वतःचे नाव कानी पडले असता प्रतिसाद अधिक मिळतो. म्हणजे झोपेत कान मिटत नाहीत. ऐकलेल्या ध्वनीची पारख चालूच असते, आणि ज्यात धोका वा निकड नाही तो ध्वनी सोडून दिला जातो. हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो तो येथेच. धोका कशात आहे हे शिकविणारा अनुभव एकट्या व्यक्तीचा नसतो. तो घराचा, गावाचा आणि प्रदेशाचाही असतो. धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय भागातील उमरगा व लोहारा हे तालुके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत.

गडगडाटाचे ऋतू

बालाघाटाच्या पठारावरील हा जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. येथील मेघगर्जनेचे दोन ऋतू ठळक आहेत. पहिला रोहिणी-मृगाच्या वळवाचा आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाचा. ऐन आषाढ-श्रावणात झड लागते, पण गडगडाट कमी असतो. परतीच्या पावसात हस्त नक्षत्राचे स्थान मोठे. हादग्यात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरण्याची प्रथा याच नक्षत्राशी जोडलेली आहे. तुळजापूरच्या भवानीची घोर निद्राही भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत, म्हणजे याच सुमारास असते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते आणि घटस्थापनेस पुन्हा सिंहासनावर येते. ज्या प्रदेशात देवतेच्या झोपेचाही काळ पंचांगाने नेमून दिलेला आहे, तेथे झोप ही समाजाने राखावयाची गोष्ट होती असे म्हणणे वावगे ठरू नये.

ही राखण मात्र सर्वांच्या वाट्यास सारखी आली नाही. उन्हाळ्यात अंगणात वा माळवदावर निजणारे कुटुंब वळवाचे पहिले थेंब पडताच अंथरुणे गुंडाळून घरात जाऊ शके. खळ्यावरील राशीजवळचा सालगडी, रानात मेंढ्या बसविणारा धनगर आणि गावाचा जागल्या यांस ती सोय नव्हती. विजेचे भय त्यांच्या बाबतीत खरे होते व आजही ते संपलेले नाही. गडगडाटात निजणे हा कानाचा गुण असण्यापूर्वी डोक्यावर छप्पर असण्याचा लाभ होता.

माळवदाची रचना

हे छप्पर म्हणजे माळवद किंवा धाबे. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे व फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर अशी त्याची साधारण रचना असे. भिंती ओबडधोबड दगडांच्या व चिखलात रचलेल्या. जाडी दोन फुटांपासून पुढे. घराचे माप खणांत सांगत. छतासाठी माती वापरावयाची ती शेतातील काळी नव्हे. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यासाठी जुन्या गावठाणातील पांढरी माती आणीत. मराठी ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीस काळी आणि वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात, हे येथे लक्षात घ्यावे. गावाची माती गावाच्या डोक्यावर जात असे.

पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी माळवदावर नवी माती पसरण्याची रीत होती. जुनी माती काढून टाकण्यापेक्षा तिच्यावर नवी घालणे सोपे. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या थर वाढत जाऊन अनेक घरांवर तो दीड-दोन फुटांपर्यंत पोचला. या थरामुळे उन्हाळ्यात घर थंड राही, पावसात कोरडे राही, आणि धुवांधार सरीचा आवाजही खाली मंद होऊन येई. जड छत आणि जाड भिंत यांचा अर्थ गावकऱ्यास एकच होता : घर भक्कम आहे. आकाश कितीही गडगडले तरी मूल निजत होते ते या विश्वासाच्या छायेत.

सन १९९२-९३

ऑगस्ट १९९२ पासून या भागात निराळा गडगडाट सुरू झाला. तो आकाशातून येत नव्हता. किल्लारी व तिच्या आसपासच्या गावांत मार्च १९९३ पर्यंत शंभराहून अधिक लहान धक्के जाणवले. त्यांतील मोठा १८ ऑक्टोबर १९९२ रोजी बसला. किल्लारी हे गाव १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. नव्या सीमेच्या अलीकडे उस्मानाबाद जिल्ह्यात सास्तूर व त्याच्या परिसरातील गावे राहिली. धक्क्यांबरोबर भूगर्भातून आवाज येत. उथळ भूकंपाच्या जलद लहरी जमिनीतून हवेत शिरल्या की असा आवाज ऐकू येतो आणि दूरच्या मेघगर्जनेशी त्याचे साम्य असते. भयाने अनेक कुटुंबे घराबाहेर निजू लागली.

पुढे धक्के थांबले. पावसाळा आला. बाहेर निजणे अशक्य झाले आणि लोक पुन्हा माळवदाखाली गेले. या परतण्यास निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. एक तर दुसरा निवारा नव्हता. दुसरे असे की, त्या काळच्या भारतीय मानकातील भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश विभाग १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. गावकऱ्याची सवय आणि तज्ज्ञांचा नकाशा यांचे उत्तर तेव्हा एकच होते.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून गावे उशिरा निजली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सुमारे ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. चिखलाचा सांधा सुटून भिंती आत-बाहेर ढासळल्या आणि पिढ्यांची पांढरी माती निजलेल्यांवर आली. शासकीय गणनेनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. अन्य नोंदींत हा आकडा याहून मोठा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची वेळही पहाटेचीच, ४ वाजून २१ मिनिटांची होती. त्याचे परिमाण लहान नव्हते. तथापि मृतांची संख्या दोनशेच्या आसपास राहिली. दोन्ही ठिकाणी माणसे झोपेतच सापडली होती. हानीतील अंतर झोपेने पडलेले नाही. वस्तीची दाटी आणि डोक्यावरील भार यांचा विचार त्यासाठी करावा लागतो. किल्लारी-सास्तूर भागातही जेथे लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा स्वतंत्रपणे उभा राहिला, तेथे भिंती पडूनही काही छते तगली, ही गोष्ट बोलकी आहे.

पत्र्याखालील रात्री

त्यानंतर लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले. पत्र्याचे छप्पर हलके. ते पडले तरी माती-दगडांइतके घातक नाही. पण पत्र्यावर साधी सर आली तरी ताशासारखा आवाज होतो. ज्या छताने झोप दिली होती त्याने जीव घेतला, आणि जे जीव राखील ते झोपू देईना. शिवाय मेघगर्जनेचा अर्थच पालटला होता. पूर्वी गडगडाट म्हणजे पाऊस. आता तो भुईतूनही येऊ शकतो हे शरीराने जाणले होते. पुढील वर्षांत जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली आणि नव्या बांधकामात भूकंपरोधक पद्धती आल्या. २००२ च्या सुधारित मानकात विभाग १ हा वर्गच उरला नाही; किल्लारीचा परिसर विभाग ३ मध्ये गेला. भूगर्भातून आवाज आल्याच्या वार्ता मात्र लातूर-धाराशिव भागातून आजही अधूनमधून येतात आणि अशा रात्री लोक घराबाहेर येतात.

निष्कर्ष

गडगडाटात झोप लागते ती ध्वनी ओळखीचा झाल्यामुळे. वारंवार येऊन काहीच न करणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करण्याची ही शक्ती माणसाच्या उपयोगाची आहे. तिच्यावाचून मृगाच्या पहिल्या पावसानंतर पेरणीस उठणे शक्य झाले नसते. परंतु ओळख आणि निर्धास्तता या भिन्न गोष्टी आहेत. शंभर धक्के निरुपद्रवी गेले एवढ्यावरून पुढच्या धक्क्याचे अनुमान निघत नाही, आणि हे अंतर झोपलेल्या माणसास कळणे शक्य नाही. ते जागेपणी, भिंत बांधताना आणि नकाशा आखताना ओळखावे लागते. म्हणून उमरगा-लोहाऱ्याच्या घरबांधणीचा इतिहास हा तेथील झोपेचाही इतिहास आहे. कोणत्या काळी कोण निश्चिंत निजू शकला आणि कशाच्या भरवशावर, हे त्यात नोंदलेले सापडते.