डीजे म्हणजे गाडी की माणूस?



आजचा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत तो आपणहून आला. गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्जासाठी अर्ज केला. रक्कम तीस हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलासाठी डीजेचं मशीन’. शिलाई मशीन, शेळी, पिठाची गिरणी यांचे अर्ज आम्हांला सवयीचे आहेत, त्यावर दोन मिनिटांत सह्या होतात. या अर्जावर मात्र तासभर वाद झाला. एक ताई म्हणाल्या, पोरगा वाजंत्री झाला असता तर दिले असते, हा तर नुसता दुसऱ्याची गाणी लावतो. आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आजींनी अहिराणीत विचारलं, “बटन दाबाले कसानी कला लागस, माय?”

बैठक त्या दिवशी तहकूब झाली, पण आजींचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. बटण दाबणारा कलाकार असतो का? मग आम्ही जरा मागचा इतिहास चाळला. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात रेडिओपासूनच करू, कारण हे बोलणं तुम्ही रेडिओवर ऐकताय. भजनात, कीर्तनात, शाळेच्या प्रार्थनेत आपल्याला पेटी लागतेच. पेटीवाला आला नाही तर भजन सुरू होत नाही. पण १९४० सालच्या १ मार्चपासून ऑल इंडिया रेडिओवर याच पेटीला बंदी होती. पेटी म्हणजे हार्मोनियम हे युरोपातून आलेलं वाद्य. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, सूर बांधलेले. दोन सुरांच्या मधली जागा तिला घेता येत नाही, मींड काढता येत नाही, म्हणून ती आपल्या संगीताला शोभत नाही, असं त्या वेळच्या जाणकारांचं म्हणणं होतं. रवींद्रनाथ टागोरांनाही ती आवडत नसे. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ. त्या बंदीच्या कितीतरी आधी आपल्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक लोकांनी डोक्यावर घेतला होता. १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. रेडिओ म्हणत होता हे खरं वाद्य नाही आणि नाटकाच्या थिएटरात लोक पेटीवर माना डोलवत होते. पट्टी दाबणाऱ्याला कला लागते की नाही, हा वादही तेव्हा होऊन गेलेला आहे. आजींच्या ‘बटना’चाच तो थोरला भाऊ.

पुढची गोष्ट तानपुऱ्याची. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तानपुरा बनवला. बटण दाबलं की तो वाजत राहतो, तारा छेडायला माणूस लागत नाही. आज मोठमोठ्या शास्त्रीय गायकांच्या रियाजात तो असतो आणि त्यामुळे कुणी त्यांना खोटा गवई म्हणत नाही.

आता मुंबईत येऊ. चरणजित सिंग नावाचे एक वादक सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९८२ साली त्यांनी परदेशातून आलेली तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं समोर मांडली. एक तालाचं, एक खर्जाच्या सुरांचं, एक कीबोर्ड. त्यावर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. रेकॉर्ड निघाली, पण फारशी कुणी घेतली नाही. पुढे अमेरिकेतल्या शिकागो शहरात त्याच धाटणीच्या यंत्रांवर नाचाचं नवं संगीत जन्माला आलं आणि जगभर पोचलं. कितीतरी वर्षांनी शौकिनांच्या हाती चरणजित यांची ती जुनी रेकॉर्ड लागली आणि लोक चकित झाले. हे तर आपल्या मुंबईत आधीच होऊन गेलं होतं! २०१० साली ती रेकॉर्ड पुन्हा निघाली. म्हातारपणी त्यांना परदेशात कार्यक्रम मिळाले. २०१५ साली ते गेले. ज्या वयात हात चालत होते, त्या वयात त्यांना कुणी विचारलं नाही.

आता एका बाईची गोष्ट. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या ध्वनी विभागात डेलिया डर्बीशायर नावाची तरुणी कामाला होती. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेचं सुरुवातीचं संगीत करायचं होतं. कागदावर सुरावट लिहिली रॉन ग्रेनर या संगीतकाराने. पण ते ऐकू येईल असं केलं डेलियाने. तेव्हा तयार यंत्रं नव्हती. एकेक सूर टेपवर घ्यायचा, टेपचा वेग कमी-जास्त करून तो उंच-खाली करायचा, मग कात्रीने टेपचे तुकडे कापून एकापुढे एक चिकटवायचे. आपण गोधडी शिवतो तसं. ग्रेनर यांना तिचं नावही आपल्याबरोबर यावं असं वाटत होतं, पण संस्थेच्या नियमात ते बसलं नाही. ती २००१ साली वारली. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ साली.

आणि डीजे? ही कला सुरू झाली कुठून? अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्रॉन्क्स नावाचा गरीब वस्तीचा भाग आहे. तिथे ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी सिंडी कॅम्पबेल या मुलीने आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम ठेवला. तिला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, त्याचे पैसे हवे होते. मुलींना तिकीट पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. गाणी लावायला तिने आपल्या भावाला बसवलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यात जिथे नुसता ताल वाजतो तिथे लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायचा आणि तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवत न्यायचा. तिथून पुढे हिपहॉप म्हणून जे जगभर पसरलं, त्याचा वाढदिवस लोक ११ ऑगस्टला मानतात. भावाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. हॉल ठरवणारी, तिकीट लावणारी, हिशोब ठेवणारी बहीण फार थोड्यांना ठाऊक आहे. बचत गटातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या खानदेशात परत येऊ.

आपल्याकडे ‘डीजे आला’ म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? ट्रक किंवा पिकअप गाडी, तिच्यावर रचलेले खोके, मागे धडधडणारा जनरेटर, फिरते लाईट. आपण गाडीलाच डीजे म्हणतो. गाडीवर कोपऱ्यात लॅपटॉपपुढे बसलेला मुलगा आपल्याला दिसतच नाही. खरं तर डीजे हे त्या मुलाच्या कामाचं नाव आहे.

आणि हे आज सुरू झालेलं नाही. डीजेच्या आधी बँड होता. लाल-निळे कोट, खांद्यावर सोनेरी झालर, घामाने निथळणारा क्लॅरिनेटवाला. त्याआधी सनई, डफ, संबळ. लग्नपत्रिकेवर आपण मामांची, काकांची, चिमुकल्यांची नावं छापतो. वाजवणाऱ्याचं नाव कधी छापलं का? वाजंत्र्यांशिवाय वरात हलत नसे, पण त्यांची पंगत सगळ्यांत शेवटी आणि बसायची जागा मांडवाच्या बाहेर. जात पाहून ती जागा ठरायची, हेही आपण विसरू नये. मग ‘डीजेपेक्षा जुने वाजंत्री खरे कलाकार’ असं आज आपण म्हणतो तेव्हा जरा थांबायला हवं. ते होते तेव्हा आपण त्यांना कलाकार म्हटलं नव्हतं.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद जपतंय. ज्याचा कागद राहिला त्याचा इतिहास राहिला. कानबाईच्या रात्री जागरणात गाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांचा कागद नाही. हळदीला पहिलं गाणं उचलणाऱ्या बाईचा कागद नाही.

एक बाई मात्र यातून सुटली, ती जळगावजवळच्या असोद्याची. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या रचायच्या. त्यांना जिवंतपणी कवयित्री कोण म्हणत होतं? मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी ओव्या उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वही हरवली असती तर त्याच ओव्या ‘बायांची जात्यावरची गाणी’ म्हणून विरून गेल्या असत्या.

आता त्या मुलाच्या कामाकडे पाहू. अर्ज आला म्हणून आम्ही तिघी-चौघी त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, करून दाखव. एक गाणं वाजत असताना तो हेडफोनच्या एका कानात पुढचं गाणं ऐकत होता. पहिल्याचा ठेका मिनिटाला शंभर, दुसऱ्याचा एकशे चार. एक पट्टी सरकवून त्याने दोन्ही ठेके एकावर एक बसवले. मग पहिल्याचा खर्ज हळूहळू उतरवला, दुसऱ्याचा चढवला. गाणं कधी बदललं ते आम्हांला कळलं नाही. आमच्यातल्या एकीने मुद्दाम घाई करायला लावली, तर दोन ठेके एकमेकांवर आपटले आणि कानाला ते लगेच खुपलं. तेव्हा आजी हसल्या. जात्याला दोघी बसल्या आणि एकीने खुंटा जोरात ओढला की ओवी मोडते, तसंच हे, असं त्या म्हणाल्या.

गाणी नुसती लावणारे वेगळे आणि गाणी बनवणारे वेगळे. पण आपल्याकडे पुष्कळदा तोच मुलगा दोन्ही करतो. एका खोलीत, कॉम्प्युटरवर, डफ-ढोलकीचे आवाज जोडून. ज्या अहिराणीला शाळेत ‘गावंढळ’ म्हणून हसत होते, तिच्यातली गाणी अशाच छोट्या खोल्यांतून बाहेर पडली. ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. पुण्या-मुंबईच्या लग्नांत, ज्यांना ‘शे’ म्हणजे ‘आहे’ हेही ठाऊक नाही, ते त्यावर नाचतात. २०२४ साली क्रेटेक्स या डीजेने श्रेयस यांच्यासोबत केलेलं ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं नेदरलँडच्या कंपनीने जगभर काढलं. भाषेचं एवढं काम करणाऱ्याला ‘बटण दाबणारा’ म्हणून सोडून देणं आम्हांला बरं वाटत नाही.

पण म्हणून डीजेचं सगळं गोड मानायचं का? नाही. हळदीच्या दिवशी बाया गाणं उचलतात आणि तेवढ्यात गाडीवरून खर्ज धडधडतो. बायांची तोंडं हलतात, आवाज ऐकू येत नाही. दोन-चार लग्नांत असं झालं की त्या गाणं उचलतच नाहीत. ज्यांना पन्नास गाणी पाठ होती त्यांना आता दहा आठवतात. तान्ही बाळं दचकून रडतात, हृदयाचे रुग्ण घर सोडून शेतात जाऊन बसतात. कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, सणासुदीच्या ठरावीक दिवशी सरकार थोडी सूट देतं तेवढीच. २०१८ साली गणेशोत्सवात डीजे वाजवू द्यावा ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नव्हती.

आमचं मत असं झालं की हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. आवाजाची भिंत हा खोक्यांचा आणि ती भाड्याने आणणाऱ्या आपल्या घरांचा प्रश्न आहे. आवाज वाढव म्हणून ओरडणारे आपलेच भाचे-पुतणे असतात. कला हा कानाचा प्रश्न आहे. समोरच्याला ऐकतो, त्याप्रमाणे सूर-ठेका निवडतो, बदलतो, जोडतो, तो कलाकार. मग हातात डफ असो, पेटी असो की कंट्रोलर. आणि सनई हातात धरूनही जो समोरच्याला ऐकत नाही, तो नुसता आवाज करतो.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. कंट्रोलर आणि हेडफोनसाठी कर्ज द्यायचं, खोक्यांसाठी नाही. व्याज सगळ्यांना तेच, शेकडा एक. त्याने आपणहून सांगितलं की हळदीला बायांची गाणी होईपर्यंत मी मशीन बंद ठेवीन. आजींची तीन गाणी त्याने मोबाईलवर रेकॉर्डही केली. त्यांना ठेका लावून गाणं काढायचं म्हणतो.

तिथे आमचा नवा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. ते गाणं चाललं, पैसे आले, तर आजींचं काय? गाणं त्यांच्या सासूने त्यांना शिकवलेलं. सासूला कुणी, ते आता सांगता येत नाही. पैशाचं अजून ठरलं नाही. नावाचं मात्र ठरलं. गाण्याच्या सुरुवातीला आजींचं नाव, गावाचं नाव आणि त्यांच्या सासूचं नाव तो स्वतः बोलून सांगणार. आमच्या ठरावाच्या वहीत तसं लिहिलंय, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. आजींचा अंगठा आहे.

बहिणींनो, तुमच्या घरी यंदा लग्न असेल तर एवढंच करून पाहा. गाणं उचलणाऱ्या बाईचं, बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचं आणि गाडीवरच्या त्या मुलाचं नाव विचारा. पत्रिकेत जागा उरली तर छापा. आणि गाणी आठवत असतील तर कुणाकडून तरी उतरवून ठेवा.