पावसाच्या ऋतूतला फुटबॉल

ब्रिटनमध्ये फुटबॉल हिवाळ्याचा खेळ म्हणून वाढला. उन्हाळ्याचे महिने क्रिकेटला आणि शरदापासून वसंतापर्यंतचे महिने फुटबॉलला, अशी तेथील मैदानांची वाटणी एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली होती. थंड प्रदेशांत या खेळाला आणि त्याच्या अमेरिकी भावंडाला, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या तेथील व्यावसायिक फुटबॉलला, हवामानाशी झुंजावे लागले ते गारठ्याच्या रूपाने. अमेरिकेतील ग्रीन बे येथे 31 डिसेंबर 1967 रोजी झालेला या अमेरिकी फुटबॉलचा सामना सुमारे उणे 25 अंश सेल्सिअस तापमानात खेळला गेला. मैदानाखाली बसवलेली ऊब देणारी यंत्रणा निकामी झाली आणि धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्याने पंचांना तोंडी हाकांवर सामना चालवावा लागला. मुंबईत असा गारठा कधीच पडत नाही; पवई या उपनगराजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेतील सर्वांत कमी तापमानाची नोंद 22 जानेवारी 1962 ची असून ती 7.4 अंशांची आहे. मुंबईच्या फुटबॉलला थंडीने कधी अडवले नाही. त्याची खरी कसोटी पावसाने घेतली, आणि या शहरातील फुटबॉलचा इतिहास पावसाला वगळून लिहिता येत नाही.

ब्रिटिश पलटणींनी हा खेळ मुंबईत आणला तेव्हा ऋतूंची वाटणी उलटली. कोरडे, सुखद महिने क्रिकेटने आधीच व्यापले होते, त्यामुळे फुटबॉलच्या वाट्याला मुख्यतः जून ते सप्टेंबरचा ओला काळ आला. हारवूड लीग ही शहरातील जुनी साखळी स्पर्धा, म्हणजे प्रत्येक संघ इतर संघांशी खेळून गुण मिळवतो अशी स्पर्धा, याच दिवसांत रंगत असे. क्रिकेटने पावसाळा पूर्णपणे सोडून दिला होता असे मात्र नाही. 1948 पासूनची कांगा लीग भर पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते, आणि मुंबईच्या फलंदाजांच्या चिवटपणाचे श्रेय जाणकार तिला देतात. तेच श्रेय शहराच्या फुटबॉलपटूंना फारसे कोणी दिले नाही, हा अन्याय आहे.

रोव्हर्स चषक ही देशातील अग्रगण्य स्पर्धा 1891 मध्ये मुंबईत सुरू झाली. शहराला पाणी पुरवण्यासाठी पवईच्या खोऱ्यात बांध घालून केलेला तलावही त्याच वर्षीचा. हा योगायोग असला तरी तो दोन्हींमागचे हवामान एकत्र दाखवतो, कारण ज्या पावसावर तलावाची भिस्त होती तोच पाऊस मैदानांची रबडी करीत असे. शिवाय उपनगरातील पाऊस दक्षिण मुंबईच्या पावसाहून वेगळा असतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी कुलाब्यात तो 75 मिलिमीटरपर्यंतही पोहोचला नव्हता. पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यातून उगम पावणारी मिठी नदी त्या दिवशी वस्त्यांत शिरली. कुलाब्याला लागून असलेल्या कूपरेजच्या मैदानावर सामना सुरळीत पार पडावा आणि पवईच्या बाजूला त्याच वेळी मैदान पाण्याखाली असावे, हे म्हणूनच अशक्य नाही.

पावसाचा परिणाम चेंडूपासून सुरू होतो. सामन्याच्या आरंभी चेंडूचे वजन 410 ते 450 ग्रॅम असावे असा नियम आहे, पण जुना चामड्याचा, वादीने बांधलेला चेंडू पाणी शोषून घेई आणि उत्तरार्धापर्यंत इतका जड होई की त्यावर डोके मारणे धोक्याचे ठरे. जमिनीलगतचा पास चिखलात रुतत असल्याने उंच फटक्यांचा आणि अंगबळाचा खेळ फायद्याचा ठरे. अनवाणी खेळणाऱ्या भारतीयांची चपळाई कोरड्या मैदानावर खुलत असे; ओल्या मैदानावर मात्र पकड मिळे ती बुटाच्या तळाला ठोकलेल्या स्टडांना, म्हणजे बोंडांसारख्या खुंट्यांना. लष्करी संघांचे रोव्हर्सवरील दीर्घ वर्चस्व केवळ यामुळे होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, तरीही 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा या चषकाचा पहिला भारतीय विजेता ठरला त्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

अनवाणी खेळाचा शेवट मात्र मुंबईच्या चिखलाने केला नाही. 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षे रोव्हर्स जिंकणाऱ्या हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडेच 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील भारतीय संघाची जबाबदारी होती. तेथील थंड हवेत, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे हरवले, आणि त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

रोव्हर्स चषक या शतकाच्या आरंभी बंद पडला. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तीच मुळात ऑक्टोबरात, आणि मुंबई सिटी एफसी हा व्यावसायिक संघ पुढे अंधेरीच्या क्रीडासंकुलात, पवईपासून काही किलोमीटरांवर, मुख्यतः हिवाळ्यातील संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात खेळू लागला. ब्रिटनमधल्या मूळ वेळापत्रकाकडे खेळ असा सव्वाशे वर्षांनी परतला, तरी ऑक्टोबरचा उकाडा त्याच्या वाट्याला आलाच. सामना मध्येच थांबवून खेळाडूंना पाणी देण्याची जी सोय आता नियमांत आहे तिची गरज येथे हंगामाच्या सुरुवातीलाच भासते.