मशेरीचा तवा

घरात मशेरी भाजायला घेतली की आधी शेजाऱ्यांना कळतं. जुन्या तव्यावर नाहीतर पत्र्याच्या तुकड्यावर तंबाखू पसरायची, खाली जाळ ठेवायचा आणि ती पार काळी पडेपर्यंत हलवत राहायचं. धूर असा तिखट, की आळीभर ठसका लागतो. निवली की हातानं चुरून बारीक पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी चहाच्या आधी ती तर्जनीवर घेऊन, मोरीपाशी नाहीतर मागच्या दारी बसून, दातांवर आणि हिरड्यांवर फिरवायची. दात दोन मिनिटांत स्वच्छ होतात, बाई मात्र पंधरा-वीस मिनिटं उठत नाही. दिवसभरात स्वतःसाठी बसायला मिळालेला बहुधा तेवढाच वेळ.

कुठे मशेरी म्हणतात, कुठे मिसरी, कुठे मिश्री. पण ती ‘लावायची’ असते, ‘खायची’ नसते. या एका क्रियापदानं पिढ्यानपिढ्या फसवलं आहे. तंबाखू खाता का, असं विचारलं की ‘छे, तसलं काही नाही’ असं उत्तर येतं. मशेरी लावता का, म्हटलं की ‘ती लावते, दातांसाठी.’

तंबाखू दख्खनेत आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला हे नवलाईचं पान दिसलं आणि त्यानं ते रत्नजडित हुक्क्यासह बादशहापुढे नेऊन ठेवलं. हकीम नको नको म्हणत असताना अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबाराची गोष्ट झाली हुक्क्याची, पुढे पुरुषांची झाली चिलमीची आणि विडीची. बायकांकडे तंबाखू कधी आणि कशी वळली, याची अशी बखर कुणी लिहिली नाही. मात्र दातांना काळी पूड लावण्याची रीत आपल्याकडे तंबाखूवाचूनही होती. सवाष्णी दातवण लावत, उत्तरेत आणि दख्खनी मुसलमान घरांत मिस्सी लावली जाई. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड या तयार जागेवर सहज जाऊन बसली असावी. चारचौघांत विडी ओढणारी बाई नजरेत भरते. दात घासणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

पहिल्यांदा नीट पाहिलं ते दातांच्या डॉक्टरांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटलं की अणू आणि गणित आठवतं, पण तिथे एक दंतसंशोधन विभागही होता. त्या विभागातल्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. तोंडातले पांढरे चट्टे, म्हणजे कॅन्सरची पूर्वखूण, हा त्यांचा विषय होता. मशेरी लावणाऱ्या बायका त्या मोजणीत भरपूर सापडल्या. तंबाखूमुळे त्यांच्या पोटातल्या बाळाचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा त्या चौकटीतच नव्हता.

तो प्रश्न अमेरिकेत आधी विचारला गेला होता, पण सिगारेटबद्दल. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विनिया सिम्पसन यांनी दाखवलं, की सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं अपुऱ्या दिवसांची किंवा अपुऱ्या वजनाची निघण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आहे. दोष कुणाचा, यावर पुढे बराच खल झाला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, तर निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, वार ओलांडतं आणि बाळापर्यंत पोचतं. सिगारेटमध्ये दोन्ही एकदम येत असल्यानं वेगळं काढणं अवघड. मशेरी लावताना मात्र धूर नसतो. त्यामुळे ‘धूर नाही तर अपाय नाही’ हे म्हणणं तपासायला मुंबईच्या वस्त्यांइतकी योग्य जागा दुसरी नव्हती.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूनं हातात मावणारे छोटे संगणक घेऊन मुंबईतल्या ९९,५९८ लोकांना घरोघर जाऊन विचारलं. पस्तिशी ओलांडलेल्या बायकांपैकी ५७.५ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि जवळपास सगळ्या धूर न काढता. मग गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी महापालिकेच्या आरोग्य केंद्रांच्या परिसरातल्या १,२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत माग ठेवला. या तरुण होत्या, तरी १७.१ टक्के तंबाखू वापरत होत्या, त्यात मशेरी जास्त. २००४ मध्ये निष्कर्ष आले. इतर कारणांचा हिशेब वजा करूनही तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी ६ दिवस आधी झालं. दोन वर्षांनी याच बायकांच्या नोंदींतून आणखी एक आकडा पुढे आला. मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण तंबाखू न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के होतं, वापरणाऱ्यांत ८.९ टक्के.

१०५ ग्रॅम म्हणजे किती? वाण्याकडच्या पुडीएवढं. पण कुठून वजा होतात, त्यावर सगळं आहे. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं, ही रेघ फिनलंडच्या बालरोगतज्ज्ञ आर्वो यिल्प्यो यांनी १९१९ मध्ये सुचवली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं ती जगभर लागू केली. इंग्लंडात साडेतीन किलोच्या आसपास जन्मणाऱ्या बाळाचे १०५ ग्रॅम गेले तरी रेघ लांबच राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत बाळं मोजली, तेव्हा सरासरी भरली सुमारे २.७ किलो. तिथून शंभर ग्रॅम गेले की कितीतरी बाळं रेघेच्या काठावर येतात.

त्याच खेड्यांतून दुसरीही बाजू दिसली. गरोदरपणी ज्यांच्या पानात पालेभाज्या, फळं, दूध जास्त होतं, त्यांची बाळं भरीव होती. पाणी वाहणं, धुणी बडवणं अशी कष्टाची कामं जास्त, तिथे बाळं लहान. म्हणजे सगळं खापर डबीवर फोडून मोकळं होता येत नाही. उलट ज्या घरात भाजी कमी आणि घागरी जास्त, तिथेच मशेरी भूक मारायला, दाढदुखीला, कोठा साफ व्हायला हाताशी असते. गरोदरपणातल्या मळमळीवरही तीच.

१९९२ मध्ये केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. उत्पादक सुप्रीम कोर्टात गेले, पण १९९७ मध्ये कोर्टानं बंदी उचलून धरली. कारखान्यातल्या ट्यूबवर आणि डबीवर छापा घालता येतो. चुलीवरच्या तव्याला परवाना लागत नाही, आणि वाणी विकतो ती नुसती तंबाखू असते. तिचं दंतमंजन पुढे घरी होतं.