छातीतलं पाणी आणि सी४५

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, तू पोटापाण्यासाठी नेमकं करतोस काय? तर मी मेडिकल कोडर आहे. राहतो कामठीत, नोकरी नागपुरातल्या एका ऑफिसात, आणि दिवसभर अमेरिकेतल्या पेशंटच्या फायली वाचून आजारांना नंबर लावतो. आज त्यातल्याच एका नंबरचा इतिहास सांगतो. नंबर आहे सी४५.०. फुप्फुसाभोवती जे पातळ आवरण असतं, त्याचा कॅन्सर. नाव मेसोथेलिओमा.

हा आजार मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचा. आपल्याकडे 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात ना, त्यात जो तंतू असतो तोच. तंतू श्वासावाटे आत जातो आणि गप्प बसतो. आजार उगवतो वीस ते पन्नास वर्षांनी. म्हणजे धूळ खाल्ली तेव्हाचा कारखाना, ठेकेदार, मुकादम सगळे गेलेले असतात. उरतो कागद, आणि तोही असला तर.

आता गोष्ट दक्षिण आफ्रिकेची. १९५६ साली जोहान्सबर्गला वॅग्नर नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं एका खाणकामगाराचं शवविच्छेदन केलं. टीबी असावा असा समज होता, निघाली आवरणाची गाठ. तिकडे किंबर्लीच्या टीबी हॉस्पिटलात डॉ. स्लेग्ज यांना वेगळंच कोडं पडलं होतं. काही पेशंटच्या छातीत पाणी होतं, पण टीबीच्या औषधांचा उपयोग शून्य! हे लोक यायचे एका विशिष्ट भागातून, जिथे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. मग डॉ. मार्शां आणि हे दोघे कामाला लागले. पेशंटला, त्याच्या नातेवाइकांना विचारायचं: कुठं जन्मला? लहानपणी कुठं खेळला? काय काम केलं? १९६० साली तिघांचा लेख छापून आला, ३३ रुग्णांचा. एक सोडून सगळ्यांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध दिसत होता. आणि त्यातले सगळेच खाणकामगार नव्हते बरं का, काही जण फक्त त्या परिसरात वाढलेले होते.

मला विचाराल तर या लेखात सूक्ष्मदर्शकाइतकंच महत्त्व त्या प्रश्नांना आहे. विचारलं म्हणून कळलं.

आजारांना नंबर द्यायची पद्धत त्याहून जुनी. फ्रान्सच्या जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तीच पुढे वाढत जाऊन जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. पण गंमत अशी की १९६० च्या लेखानंतरही या कॅन्सरला स्वतःचा नंबर नव्हता. नवव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-९ मध्ये, १६३ हा नंबर होता 'फुप्फुसावरणाचा कॅन्सर' असा. जागेचा नंबर, आजाराचा नाही. पोटाच्या आवरणात झाला की १५८. कागदावर नीट लिहिलं नसेल तर सरळ फुप्फुसाच्या १६२ मध्ये. एकच आजार तीन खणांत वाटलेला, मग मोजणार कोण? ब्रिटननं १९६८ पासूनच्या मेसोथेलिओमाच्या मृत्यूंची वेगळी नोंदवही ठेवली, ती उगाच नाही.

दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि सी४५ आला. अमेरिकेत मृत्यूच्या नोंदींना ती १९९९ पासून लागू झाली, हॉस्पिटलच्या बिलांना मात्र १ ऑक्टोबर २०१५ पासून. आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या त्याच लाटेत निघाल्या. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात: जे लिहिलं नाही ते झालं नाही. ओपीडीच्या कागदावर डॉक्टरनं 'संशय' लिहिलं असेल तर कॅन्सरचा कोड लावायचा नाही, लक्षणाचा लावायचा. छातीतलं पाणी, जे९०. संपलं. आणि जहाजबांधणीत काम केल्याची एक ओळ असली, तर अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आल्याचा वेगळा कोड: झेड७७.०९०.

हा झेड कोड पहिल्यांदा लावला त्या संध्याकाळी मी मोठ्या बाबांच्या घरी गेलो.

मोठे बाबा २००९ मध्ये गेले. सत्तरच्या दशकात ते एका वीजकेंद्रात ठेकेदाराकडे हेल्पर होते. गरम पाइपांना पांढरी दोरी गुंडाळायची, वरून पांढरा लेप थापायचा. घरी आले की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे, असं मोठी आई सांगते. त्यांचे कपडे तीच झटकायची.

तिनं पेटीतून कागदांची पिशवी काढून दिली. "तुले समजते का रे यातलं काही?" मी कोडरसारखा वाचत गेलो. छातीतून तीनदा पाणी काढलं. टीबीची औषधं, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण. फरक नाही. बायोप्सी नाही. व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर'. मृत्यूच्या कागदावर 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने'. अहो, ती सगळ्यांचीच बंद पडते! ते मरण्याचं कारण नव्हे, मरणं म्हणजेच ते. त्यांना मेसोथेलिओमा होता असं मी म्हणत नाही. म्हणताच येत नाही. टीबीही असेल. त्या पिशवीवरून मला लावता आला असता फक्त जे९०.

आपल्याकडे नोंदीच नाहीत असं मात्र नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ ची, देशातली पहिली. नागपूरची १९८० पासून आहे. तिथले कर्मचारी स्वतः हॉस्पिटलं फिरून नोंदी गोळा करतात. पण ते तरी काय उतरवणार, फायलीत असेल तेच ना?

आणि २७ जानेवारी १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांबद्दलचा. त्यात उद्योगांना सांगितलंय की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवा. कोर्टाला आजाराचं घड्याळ बरोबर कळलं होतं. आपल्या देशात नव्या खाणींना परवाने बंद झाले, पण तंतू बाहेरून येतच राहिला.

हा निकाल वाचून मी त्या ठेकेदाराच्या मुलाला भेटलो. जुनं मस्टर मागितलं. तो बिचारा चांगला बोलला, चहा पाजला. म्हणाला, "भाऊ, बाबा गेले तवा सगळे रजिस्टर रद्दीत देल्ले."

मोठ्या आईला हल्ली चढावावर धाप लागते. पुढच्या आठवड्यात तिला छातीच्या डॉक्टरकडे नेतोय. एका कागदावर मी आधीच लिहून ठेवलंय: नवऱ्याचं काम, साल, पांढरी दोरी, कपडे कोण झटकायचं. डॉक्टरला म्हणणार आहे, हे तुमच्या फायलीत लिहून घ्या.