शैक्षणिक कर्ज हप्ते स्थगिती (भारत, २०२०)

शैक्षणिक कर्ज हप्ते स्थगिती ही कोविड-१९ महासाथीच्या काळात भारतातील शैक्षणिक कर्जदारांना मिळालेली तात्पुरती सवलत होय. भारतीय रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी मुदत कर्जांचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. शैक्षणिक कर्जेही त्यात आली. पुढे ही सवलत ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवण्यात आली.

अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यानंतर साधारणतः एक वर्ष या कर्जाची परतफेड मुळातच सुरू होत नाही. त्यामुळे सवलतीचा खरा उपयोग हप्ते सुरू झालेल्या माजी विद्यार्थ्यांना, विशेषतः टाळेबंदीत नोकरी किंवा पगार गमावलेल्यांना झाला.

ही कर्जमाफी नव्हती. हप्ता थांबला तरी व्याजाची आकारणी चालूच राहिली. दहा टक्के दराने पाच लाखांच्या कर्जावर सहा महिन्यांत सुमारे २५ हजार रुपये व्याज चढते. न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लागल्यास आणखी सुमारे ५०० रुपये वाढतात. वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना हा फरक देऊ केला, म्हणजे वरील उदाहरणात केवळ ५०० रुपयेच. स्थगिती न घेता नियमित हप्ते भरणारेही त्यास पात्र होते. २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने व्याजावरील व्याज सर्वच कर्जदारांसाठी रद्द ठरवले. संपूर्ण व्याजमाफीची मागणी मात्र फेटाळली.