स्टिकरवरचे ‘उद्याचे जग’

जुन्या जागतिक प्रदर्शनांची पोस्टर्स छापलेले व्हायनिलचे स्टिकर आज विकत मिळतात. लोक ते हौसेने लॅपटॉपवर, पाण्याच्या बाटलीवर चिकटवतात. त्यांतील एक चित्र हमखास ओळखू येते : उंच पांढरा सुळका आणि शेजारी प्रचंड गोल.

हे १९३९ चे न्यूयॉर्कचे प्रदर्शन. सुळक्याचे नाव ट्रायलॉन, उंची ६१० फूट. गोलाचे नाव पेरिस्फिअर, व्यास १८० फूट. गोलाच्या पोटात भविष्यातील नगराची प्रतिकृती होती आणि प्रेक्षक फिरत्या सज्जांवरून ती पाहत. प्रदर्शनाचा विषयच होता ‘उद्याचे जग’. ३० एप्रिल १९३९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. ऑक्टोबर १९४० मध्ये प्रदर्शन संपले, आणि सुळक्याचे व गोलाचे पोलाद युद्धसामग्रीसाठी भंगारात गेले.

आता चित्राखालच्या पदार्थाकडे वळू. पॉलिव्हायनिल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी, १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांना आढळले. उन्हात राहिलेल्या व्हायनिल क्लोराइड वायूपासून पांढरा घन पदार्थ तयार झाला होता. पण तो कडक आणि ठिसूळ. त्याचे करायचे काय, हा प्रश्नच होता. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन धातूला रबर चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यांनी पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवले. हाती आला तो डिंक नव्हे, तर मऊ, लवचिक पदार्थ. द्रावकाचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात. पुढे १९३५ मध्ये स्टॅन्टन अ‍ॅव्हरी यांनी, मागचा कागद सोलून नुसते दाबले की चिकटणारी लेबले बनवायला सुरुवात केली.

म्हणजे प्रदर्शन भरले तेव्हा स्टिकरची सामग्री जगात आलेली होती. ती आली एका फसलेल्या शोधातून आणि एका साध्या लेबलातून. पोस्टरवर मात्र तिचा मागमूस नाही. युद्धाचाही नाही.

वर्गात असे चित्र दाखवून एवढेच विचारावे : यात काय दिसते, आणि काय दिसत नाही? मग विद्यार्थ्यांना आपापले ‘उद्याचे जग’ काढू द्यावे, आणि तोच प्रश्न त्या चित्रांनाही विचारावा.