जलपर्णी काढली तरी तलाव पुन्हा हिरवा का होतो? रंकाळ्यापासून समजून घेऊया

रविवारी सकाळी पन्नास-साठ माणसं तलावात उतरतात. जलपर्णी ओढून काठावर ढीग लावतात, प्लास्टिकची पोती भरतात. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दिवसभर मोबाईलवर फिरतात. वर्षभरानं त्याच जागी जाऊन पाहिलं, तर पाणी पुन्हा तेवढंच हिरवं. महाराष्ट्रातल्या अनेक शहरी तलावांची हीच तऱ्हा आहे. एवढं श्रमदान होऊनही असं का होतं, हे समजून घ्यायला कोल्हापूरचा रंकाळा चांगला आहे, कारण तिथे लोकांनी आणि सरकारनं जवळपास सगळे उपाय करून पाहिले आहेत.

रंकाळा बिघडला कसा?

सुमारे १०७ हेक्टर पसारा आणि काठानं फिरलं तर साधारण साडेचार किलोमीटरचा फेरा. एका बाजूला शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ, आणि संध्याकाळी काठावर भेळ खाणारं अर्धं कोल्हापूर. इथे पूर्वी दगडाची खाण होती आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड इथूनच गेला, असं परंपरेनं सांगितलं जातं.

शहर वाढलं तशा तलावाच्या वरच्या अंगाला वसाहती झाल्या. पावसाचं पाणी आणणारे ओढे सांडपाण्याचे नाले झाले. श्याम सोसायटीचा नाला आणि परताळ्याकडून येणारं पाणी यांची नावं कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येत आहेत. जोडीला धुणं, जनावरं धुणं आणि गणेश विसर्जन होतंच. आधी पाण्यावर केंदाळ पसरलं (जलपर्णीला कोल्हापुरात केंदाळच म्हणतात). पुढे २०१० नंतरच्या वर्षांत तर पाण्याला रंग ओतल्यासारखा हिरवा तवंग आला आणि काठावर नाक धरून चालायची वेळ आली.

तो तवंग साध्या शेवाळाचा नव्हता. मायक्रोसिस्टिस नावाचे निळे-हिरवे जिवाणू त्यात होते. त्यांच्या काही जाती यकृतावर परिणाम करणारं विष तयार करतात. असं पाणी उकळलं तरी ते विष नष्ट होत नाही.

हिरवेपणाचं मूळ: फॉस्फरस

१९७३ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एक सोपा प्रयोग केला. '२२६ क्रमांकाचं सरोवर' मधोमध पडदा लावून दोन भागांत विभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्या भागात तेच टाकून वर फॉस्फरसही टाकला. विमानातून काढलेल्या फोटोत पडद्याच्या एका बाजूला काळंभोर स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या बाजूला हिरवा लगदा दिसला. फॉस्फरस पडलेली बाजू कुठली, हे वेगळं सांगायला नको. डेव्हिड शिंडलर यांच्या गटाचा हा फोटो पुढे जगभर गाजला आणि अनेक देशांत धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधनं आणण्यासाठी पुरावा म्हणून वापरला गेला.

एक ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे ५०० ग्रॅम ओलं शेवाळ वाढू शकतं. एका माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण एक ते दोन ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. आता तलावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या हजारो घरांचा हिशेब मनातल्या मनात करून पाहा.

इथेच श्रमदानाची एक गंमत (खरं तर पंचाईत) आहे. जलपर्णी पाण्यावर असते तेव्हा ती ऊन अडवते आणि पाण्यातला फॉस्फरस स्वतः खाते. ती काढली की पाण्यावर ऊन पडतं, खाणारं गिऱ्हाईक कमी होतं आणि नाल्यातून माल येतच राहतो. मग त्याच खुराकावर शेवाळ फोफावतं. काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली, तर तिच्यातला फॉस्फरस पहिल्या पावसात परत तलावात. त्यामुळे जलपर्णी काढायचीच असेल तर ती लांब नेऊन खत करणं हा त्या कामाचा निम्मा भाग आहे. फोटो मात्र पहिल्या निम्म्या भागाचाच निघतो.

तळाचा गाळही साधा नसतो. शेवाळ मरून तळाशी कुजलं की तिथला ऑक्सिजन संपतो आणि गाळात साठलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे नाले आज बंद केले तरी तलाव काही वर्षं स्वतःच्याच साठ्यावर हिरवा राहू शकतो. पहाटे मासे मरून वर येतात त्यामागेही हेच आहे. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं.

कोल्हापूरकरांनी काय केलं?

लोकांच्या हातात असलेली एक गोष्ट त्यांनी खरोखर बदलून दाखवली: विसर्जन. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 'विसर्जित गणपती दान करा' ही मोहीम चालवली. कोल्हापुरात पुरोगामी आणि पर्यावरणवादी संस्था, शाळा-कॉलेजची मुलं घाटावर उभं राहून मूर्ती आणि निर्माल्य घेऊ लागली. विरोध झाला, वादावादी झाली. पण हळूहळू घरच्या आरतीनंतर मूर्ती कार्यकर्त्याच्या हातात देणं शहराच्या अंगवळणी पडलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली, २०२० मध्ये ती कडक झाली. कोल्हापुरातली मोहीम त्याच्या कितीतरी आधीची. आता मूर्तींसाठी रंकाळ्याशेजारची इराणी खण वापरली जाते. एक खण त्यासाठी सोडून दिली, असंही याकडे पाहता येईल.

नाल्यांचं काम मात्र श्रमदानानं होणारं नव्हतं. केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून रंकाळ्यासाठी ८ कोटी ६५ लाखांचा प्रकल्प मंजूर झाला. सांडपाणी वळवणं, काठ सुधारणं अशी कामं त्यात होती. मोठा तवंग आला तो या मंजुरीनंतर. काठावरचे दिवे आणि फरशा लोकांना दिसतात. जमिनीखालची ड्रेनेज लाईन दिसत नाही, तिचं उद्घाटनही होत नाही.

शिवाय वळवलेलं सांडपाणी जाणार कुठे? कोल्हापूरचा उतार पंचगंगेकडे आहे. शहरात कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेची प्रक्रिया केंद्रं झाली, म्हणून निदान बरंचसं पाणी नदीत जाण्याआधी शुद्ध करण्याची सोय झाली. ती सोय नसती, तर रंकाळा साफ करणं म्हणजे घाण खालच्या गावांना पाठवणं एवढंच ठरलं असतं. पंचगंगेच्या खालच्या अंगाला इचलकरंजी आहे. तिथे २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला.

चंद्रपूरचा रामाळा

चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावातही जलपर्णी, गाळ आणि मच्छीनाल्याचं सांडपाणी हेच दुखणं. तिथल्या इको-प्रो संस्थेनं याआधी चंद्रपूरचा परकोट शेकडो दिवस श्रमदान करून साफ केला होता. म्हणजे घाम गाळण्याची त्यांची तयारी सिद्ध झालेली होती. तरीही रामाळ्यासाठी संस्थेचे प्रमुख बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये उपोषणाचा मार्ग धरला. मागण्या नाल्याचं सांडपाणी थांबवण्याच्या आणि खोलीकरणाच्या होत्या. त्यानंतर प्रशासन हललं, तलावाचं पाणी सोडून गाळ काढण्याचं काम सुरू झालं. किल्ल्याची भिंत लोक स्वतः साफ करू शकतात. नाला दुसऱ्याच्या ताब्यात असतो.

मग गावांना कसं जमतं?

पाण्याच्या लोकचळवळीचा विषय निघाला की अहिल्यानगर जिल्ह्याचं नाव येतंच. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारात पावसाळ्यानंतर गावकरी एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. उसासारख्या पिकाला आणि शेतीसाठी बोअर घेण्याला गावानं नाही म्हटलं. हे जमलं, कारण पाणलोट गावाच्या हद्दीत आहे आणि निर्णय घेणारी ग्रामसभा एक आहे.

शहरी तलावाला अशी ग्रामसभा नसते. फिरायला येणारे वेगळे आणि ज्यांच्या घरचं सांडपाणी तलावात येतं ते वेगळे. अनेकांना आपल्या न्हाणीघरातलं पाणी कुठे जातं हे माहीतही नसतं. नळ आला, फ्लश चालला, विषय संपला.

अमेरिकेतल्या सिएटल शहरानं यातून मार्ग काढला. तिथल्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९५० च्या दशकात शेवाळ वाढू लागलं. गंमत म्हणजे काठावरच्या वस्त्यांचं पाणी प्रक्रिया करूनच सोडलं जात होतं. पण साध्या प्रक्रियेत फॉस्फरस पुरता निघत नाही. एडमंडसन नावाच्या शास्त्रज्ञानं हे लोकांना समजावून सांगितलं. मार्च १९५८ मध्ये सांडपाण्यासाठी सामाईक संस्था उभारण्याचा प्रस्ताव मतदानात पडला, सप्टेंबरमध्ये सुधारून पुन्हा मांडला तेव्हा मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी तलावाबाहेर वळवलं. एक मीटरसुद्धा खोल न दिसणारं पाणी १९७० च्या दशकात कित्येक मीटर खोल दिसू लागलं.

फोटोऐवजी काय मोजायचं?

'किती मीटर खोल दिसतं' हे ज्यानं मोजतात ती सेची चकती १८६५ पासून वापरात आहे. थाळीएवढी गोल चकती, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले, मध्ये खुणा केलेली दोरी, खाली वजन. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते तिथे दोरीवरचा आकडा लिहायचा. शाळेतल्या मुलांनाही ते जमतं, खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळेला मोजलं, तर दोन-तीन वर्षांत तलाव सुधारतोय की नुसता काठ सजतोय हे आकड्यांत दिसतं. त्याबरोबर तलावाला मिळणारा प्रत्येक नाला नकाशावर मांडायचा आणि ऐन उन्हाळ्यात, म्हणजे पाऊस नसताना, त्यातून पाणी वाहतंय का ते पाहायचं. एप्रिल-मेमध्ये वाहणारा शहरातला नाला बहुतेक वेळा सांडपाण्याचाच असतो.